चेटकिणींच्या खटल्यांचं एडिनबरा: राजवाड्यापासून कॅसलहिलपर्यंत पायी

एडिनबरामध्ये चेटकिणींच्या इतिहासाची फेरी बहुतेक जण किल्ल्याच्या दारापासून, म्हणजे गोष्टीच्या शेवटाकडून सुरू करतात. तिथे भिंतीत एक छोटं स्मारक आहे. फोटो निघतो, ‘इथे शेकडो बायका जाळल्या’ हे वाक्य कानावर पडतं आणि मंडळी उताराने दुकानांकडे वळतात. माणसं मेली एवढं त्यातून कळतं. ती तिथवर पोचली कशी, हे कळत नाही, आणि समजून घ्यायचं आहे ते नेमकं तेच. स्कॉटलंडमध्ये हे काम चवताळलेल्या जमावाने केलेलं नाही. कायदा होता, अर्ज होते, परवानग्या होत्या, साक्षी, पंच, निकाल आणि सरपणाच्या खर्चाची नोंदसुद्धा होती. म्हणून ही फेरी उलटी करावी: खालच्या टोकाच्या हॉलिरूड राजवाड्यापासून चढत वर कॅसलहिलला. चौकशी, कैद, खटला आणि शिक्षा ज्या क्रमाने आरोपीच्या वाट्याला येत, साधारण त्याच क्रमाने ठिकाणं लागतात.

राजवाडा ते किल्ला हा रॉयल माइल रस्ता सुमारे १.८ किलोमीटरचा. वाटेत ग्रेफ्रायर्स आणि पॉटररोचा फाटा धरला तर एकूण साडेतीन किलोमीटरच्या आसपास चालणं होतं. रमतगमत तीन तास ठेवा. रस्ता दगडी फरसबंदीचा आहे आणि पावसात ती निसरडी होते, त्यामुळे गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा सकाळीच निघा. ऑगस्टमध्ये किल्ल्यासमोरच्या पटांगणात लष्करी संचलनाचे मोठे मांडव असतात आणि रस्त्यावर महोत्सवाची गर्दी असते. शांतपणे बघायचं असेल तर तो महिना टाळलेला बरा. निघण्याआधी एडिनबरा विद्यापीठाने २०१९ साली केलेला ऑनलाइन नकाशा फोनवर उघडून ठेवा. ज्यांच्या राहण्याचं ठिकाण शोधता आलं, अशा तीन हजारांहून अधिक आरोपींची गावं आणि वस्त्या त्यावर दाखवल्या आहेत.

आधी कायदा समजून घेऊ, कारण तो कळला नाही तर पुढचे दगड मुके वाटतील. १५६० साली स्कॉटलंडने रोमशी नातं तोडून प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला. तीन वर्षांनी, १५६३ मध्ये, संसदेने चेटूक करणाऱ्याला आणि त्याच्याकडे सल्ला मागायला जाणाऱ्यालाही देहदंड ठरवला. हा कायदा १७३६ पर्यंत टिकला. या काळात आरोप झालेल्या ३,८३७ जणांची नोंद एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी जमवली आहे. त्यांत सुमारे ८४ टक्के बायका. पण पुरुषही होते, हे विसरू नये.

खटला उभा राही तो असा. गावात भांडण होतं. कुणी शिव्याशाप देतं, काही दिवसांनी समोरच्याचं मूल आजारी पडतं किंवा गाय आटते. कुजबुज वर्षानुवर्षं साचत जाते. मग केव्हातरी प्रकरण चर्चच्या स्थानिक सभेपुढे येतं. या सभेत धर्मगुरू आणि गावातले प्रतिष्ठित पुरुष बसत. ते साक्षी नोंदवत, संशयित बाईला कोंडत आणि कबुली मिळवत. पण देहदंड द्यायचा अधिकार चर्चला नव्हता. म्हणून जमवलेले कागद एडिनबराला राजाच्या सल्लागार मंडळाकडे, प्रिव्ही काउन्सिलकडे जात. मंडळ बहुतेकदा त्याच भागातल्या जमीनदारांना ‘तुम्ही खटला चालवा’ असा हुकूमनामा देई. म्हणजे न्यायाधीश होत ते कायदा न शिकलेले शेजारपाजारचे लोक, आणि पुरावा म्हणून त्यांच्यापुढे येई ती आधीच काढलेली कबुली. पंच पंधरा असत आणि निकाल बहुमताने लागे. राजधानीतल्या मुख्य न्यायालयात, वकिलांसमोर, सुटण्याची शक्यता थोडी तरी असे. गावातल्या अशा खटल्यात ती फारच कमी.

कबुली मिळे कशी? अंगठे किंवा पाय चेचायला प्रिव्ही काउन्सिलची परवानगी लागे. पण बाईला रात्रंदिवस जागं ठेवणं छळात धरलं जात नव्हतं. पहाऱ्याला आळीपाळीने माणसं बसवायची आणि डोळा लागला की उठवायचं. तीन-चार दिवसांत माणसाला भास होऊ लागतात, आणि त्या अवस्थेत ‘सैतान भेटला होता का?’, ‘काळ्या कपड्यात होता का?’, ‘सोबत कोण होतं?’ असे प्रश्न विचारले जात. शेवटचा प्रश्न सर्वांत घातक. एका कबुलीतून चार नवी नावं निघत आणि साथ अशी पसरे. १५९०–९१, १५९७, १६२८–३०, १६४९–५० आणि १६६१–६२ या पाच लाटांमध्ये बहुसंख्य खटले झाले.

आता हॉलिरूडला. राजवाड्याच्या फाटकासमोर उभं राहून दर्शनी बाजूला दोन बुरूज दिसतात. हुबेहूब जुळे वाटतात, पण डावीकडचा १५२८ ते १५३२ दरम्यान बांधलेला आहे आणि उजवीकडचा १६७० च्या दशकात त्याच्याबरहुकूम केलेला. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याच्या वेळी उभा होता तो डावीकडचा. या फेरीसाठी तिकीट काढून आत जायची गरज नाही.

१५८९ मध्ये जेम्सची वाग्दत्त वधू, डेन्मार्कची राजकन्या ॲन, स्कॉटलंडला यायला निघाली. वादळांनी तिचा ताफा नॉर्वेकडे परत ढकलला. राजा स्वतः समुद्र ओलांडून गेला, नोव्हेंबरात ऑस्लोला लग्न लागलं, हिवाळा तिकडेच गेला आणि १ मे १५९० रोजी जोडपं लीथ बंदरात उतरलं. डेन्मार्कमध्ये त्या वादळांचं खापर चेटकिणींवर फोडून खटले सुरू झाले होते, आणि ती बातमी इकडे पोचली. त्याच वर्षी एडिनबराच्या पूर्वेला ट्रॅनंट गावात डेव्हिड सेटन नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या मोलकरणीचा, गेलिस डंकनचा, संशय घेतला. ती आजाऱ्यांना बरं करते आणि रात्री घराबाहेर जाते, एवढं कारण पुरलं. तिची बोटं चेचली गेली आणि तिने नावं घेतली.

त्यातलं एक नाव ॲग्नेस सॅम्पसनचं. गावोगाव सुईणपण करणारी, आजाऱ्यांसाठी प्रार्थना म्हणणारी ही प्रौढ बाई हॉलिरूडला राजासमोर उभी केली गेली. तिने आरोप नाकारले. तेव्हाच्या छापील पत्रकात वर्णन आहे ते असं: अंगावरचे केस भादरून ‘सैतानाची खूण’ शोधण्यात आली, डोक्याभोवती दोर आवळून पिळण्यात आला. मग ती कबूल करू लागली. नॉर्थ बेरिकच्या चर्चमध्ये सैतानाची सभा भरली, राजाचं जहाज बुडवायला मांजर समुद्रात टाकलं, असं सगळं. हे पत्रक लोकांना थरारून सोडण्यासाठी लिहिलेलं आहे. न्यायालयाच्या कागदांशी ते सगळीकडे जुळत नाही. फेरीत ऐकू येणाऱ्या रंगतदार गोष्टींचा उगम बहुतेकदा तेच असतं.

राजवाड्याच्या अगदी समोर आजची स्कॉटिश संसद आहे. ८ मार्च २०२२ रोजी तेव्हाच्या मुख्यमंत्री निकोला स्टर्जन यांनी तिथे या सगळ्या आरोपींची सरकारतर्फे औपचारिक माफी मागितली. त्याच वर्षी मे महिन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडनेही मागितली. माफी मागणं म्हणजे शिक्षा कायद्याने रद्द करणं नव्हे. तो दुसरा विषय, आणि त्यासाठीची मागणी वेगळी.

चढायला लागा. कॅननगेटमध्ये उजव्या हाताला घड्याळ बाहेर काढलेली, टोकदार मनोऱ्याची इमारत लागते. हे कॅननगेटचं टोलबूथ, १५९१ चं. टोलबूथ म्हणजे जकात नाकं, नगरसभा, न्यायालय आणि तुरुंग, सगळं एकाच छपराखाली. वर शहराचं मुख्य टोलबूथ होतं ते आता नाही, म्हणून हे नीट पाहून घ्या. जाड भिंती आणि लहान खिडक्या पाहिल्या की हिवाळ्यात इथे कोंडलेल्या माणसाची काय गत होत असेल ते सांगावं लागत नाही. कित्येक आरोपी खटल्याआधीच कोठडीत मेले.

सेंट जाइल्स चर्चच्या मागच्या अंगाला, हाय स्ट्रीटवर, मर्केट क्रॉस आहे. आजची अष्टकोनी इमारत १८८५ ची. सरकारी फर्मानं मात्र शतकानुशतकं या चौकातूनच पुकारली जात. तिथून चर्चच्या पुढच्या दाराकडे गेलं की फरसबंदीत रंगीत दगडांचं हृदय दिसतं. लोक त्यावर थुंकतात, सांभाळून. १८१७ साली पाडलेल्या मुख्य टोलबूथची ही जागा. हृदयापाशीच न थांबता आजूबाजूच्या दगडांत बसवलेले पितळी ठोकळे शोधा. ते इमारतीच्या कडा दाखवतात, आणि केवढ्याशा जागेत न्यायालय आणि तुरुंग मावत होते याचा अंदाज येतो.

इथे घडलेला एक प्रसंग या विषयावर कुणालाही सांगण्यासारखा आहे. १५९१ मध्ये बार्बरा नेपियर या सुस्थितीतल्या घरच्या बाईला पंचांनी मुख्य आरोपातून सोडलं. राजा संतापला. त्याने पंचांवरच चुकीचा निकाल दिल्याबद्दल खटला भरला आणि ७ जूनला टोलबूथमध्ये स्वतः येऊन भाषण केलं. जेम्स अडाणी किंवा भाबडा नव्हता. शिकलेला, वाद घालायची आवड असलेला राजा होता. १५९७ मध्ये त्याने चेटकावर ‘डीमनॉलॉजी’ हा ग्रंथच लिहिला. अंधश्रद्धा म्हणजे अशिक्षितांचा रोग, हा समज इथे निकालात निघतो.

चर्चच्या मागच्या पार्लमेंट हाउसचं भव्य सभागृह कामाच्या दिवशी विनामूल्य पाहता येतं. आजही तिथे वकील अशिलाशी बोलत येरझारा घालतात. १६६१–६२ च्या सर्वांत मोठ्या लाटेत सव्वा-दीड वर्षात सहाशेहून अधिक लोकांवर आरोप झाले. त्यात गावोगाव फिरणाऱ्या ‘टोचणाऱ्यां’चा मोठा हात होता. सैतानाने खूण केलेल्या जागी वेदना होत नाही आणि रक्त येत नाही, असं मानून हे लोक अंगात लांब टाचण्या खुपसत आणि त्याची मजुरी घेत. कुठेतरी एखादी जागा बधिर निघणारच. भीतीने गारठलेल्या, झोप न मिळालेल्या शरीरात तर हमखास. एप्रिल १६६२ मध्ये प्रिव्ही काउन्सिलने परवानगीशिवाय टोचायला आणि छळायला मनाई केली, जॉन किनकेड या नामांकित टोचणाऱ्याला तुरुंगात टाकलं, आणि लाट ओसरली. ज्या कार्यालयातून हुकूमनामे निघत होते, त्यानेच पुरावा मागायला सुरुवात केल्यावर खटले थांबले. भोवतालच्या लोकांची श्रद्धा एका वर्षात बदलली नव्हती.

इथून जॉर्ज फोर्थ ब्रिजने दक्षिणेला पाच-सात मिनिटांवर ग्रेफ्रायर्सचं कबरस्तान. प्रवेश विनामूल्य. आत सर जॉर्ज मॅकेंझी यांची घुमटाची समाधी आहे आणि रात्री लोक तिथे भूत बघायला येतात. या मॅकेंझींनी पुढे सरकारी वकील म्हणून बंडखोर प्रॉटेस्टंटांना निर्दयपणे वागवलं, हे खरं. पण १६६१ च्या खटल्यांत ते न्यायाधीश होते आणि जे दिसलं त्याने अस्वस्थ होऊन १६७८ च्या फौजदारी कायद्यावरच्या ग्रंथात त्यांनी लिहून ठेवलं. कबुली दिलेल्या एका बाईने त्यांना खासगीत सांगितलं होतं की ती दोषी नाही. ती अंगमेहनत करून पोट भरणारी. एकदा चेटकीण म्हणून नाव झालं की कुणी भाकर देणार नाही, आसरा देणार नाही, पुरुष मारतील, कुत्री अंगावर सोडतील. त्यापेक्षा जगातून गेलेलं बरं, म्हणून तिने हो म्हटलं. ‘छळ झाला नाही तरी लोक कबूल का करत?’ या प्रश्नाचं इतकं थेट उत्तर दुसरीकडे सापडत नाही. समाधीसमोर उभं राहून भुतापेक्षा ही बाई आठवावी.

आणखी चार पावलं पुढे, विद्यापीठाच्या इमारतींमधून जाणारा पॉटररो रस्ता. जुनं काही उरलेलं नाही, पण ॲग्नेस फिनीसाठी इथवर यायचं. ती इथे किरकोळ दुकान चालवी, उधार देई, व्याजाने पैसे लावी. उधारी थकली की वसुलीला जाऊन वाट्टेल ते बोले. नंतर त्या घरात कुणी आजारी पडलं की तिचं बोलणं आठवून ठेवलं जाई. १६४४ मध्ये हेच सगळं आरोपपत्र झालं. तिच्या बाजूने वकील उभे राहिले, युक्तिवाद झाला, तरी १६४५ च्या मार्चमध्ये तिला कॅसलहिलवर मारलं. ‘चेटकिणी म्हणजे रानात राहणाऱ्या वैदू बायका आणि सुईणी’ हा आजचा आवडता समज आहे, पण नोंदींमध्ये उपचार करणारे लोक थोडे आणि सुईणी बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. बहुतेक आरोपी फिनीसारख्या: शेजारात राहणाऱ्या, वयाने पोक्त, तोंडाने फटकळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या.

मराठी वाचकाला हे अनोळखी नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, एखादी व्यक्ती करणी करते किंवा मंत्रतंत्राने जनावराचं दूध आटवते असं भासवणं हा गुन्हा धरला आहे. दूध आटवल्याची तीच तक्रार स्कॉटलंडच्या गावांतून चर्चसभेपुढे येत होती. १५६३ च्या कायद्याने आरोपीला धरलं, २०१३ च्या कायद्याने आरोप करणाऱ्याला धरलं. स्कॉटलंडही त्याच दिशेने वळला: १७३६ पासून तिथे चेटकाचा खटला चालवता येईना, उलट ‘माझ्याकडे अशी शक्ती आहे’ असं सांगून लोकांना फसवणारा शिक्षेस पात्र ठरला.

परत हाय स्ट्रीटला येऊन वर चढा. डावीकडे व्हिक्टोरिया स्ट्रीटने खाली ग्रासमार्केटला जाता येतं. तिथे फाशी होत असे हे खरं, पण चेटकाच्या शिक्षांसाठी ओळखली जाते ती जागा ती नव्हे. याच उतारावर राहणाऱ्या मेजर वीअरला १६७० मध्ये देहदंड झाला. त्याला ‘वेस्ट बोचा जादूगार’ म्हणतात, पण शिक्षा झाली ती अगम्यगमनासारख्या गुन्ह्यांसाठी. तीच गत लेडी ग्लॅमिसची. १५३७ मध्ये तिला कॅसलहिलवर जाळलं ते राजाला विष देण्याच्या कटाच्या आरोपावरून, तेही १५६३ चा कायदा होण्याच्या कितीतरी आधी. खालच्या बागेच्या जागी पूर्वी तळं होतं आणि चेटकिणींना त्यात बुडवून पारख होई, असंही ऐकाल. इथल्या खटल्यांच्या कागदांत त्याला आधार मिळत नाही.

तारखांमध्येही गोंधळ होतो. १६०० पर्यंत स्कॉटलंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदले. म्हणून ॲग्नेस सॅम्पसनला मारलं तो दिवस आपल्या हिशेबाने २८ जानेवारी १५९१, पण मूळ कागदावर १५९० दिसतो. दोन पाट्यांवर दोन वर्षं दिसली तर लगेच एक चूक ठरवू नका.

शेवटची चढण संपली की किल्ल्यासमोरचं पटांगण. आत शिरल्यावर लगेच मागे वळून, जुन्या पाण्याच्या टाकीच्या इमारतीची पटांगणाकडची भिंत बघा. तिथे विचेस वेल आहे. नाव विहिरीचं, आकार भिंतीतल्या छोट्या कारंज्याचा, आणि पाणी नाही. पुष्कळ जण समोरून जाऊनही ते चुकवतात.

या टेकडीवर बहुतेकांना आधी खांबाला बांधून गळा आवळून मारत आणि मग प्रेत जाळत. अपवाद युफेम मॅकॅल्झीनचा. एका न्यायाधीशाची ही श्रीमंत मुलगी. २५ जून १५९१ रोजी तिला जिवंत जाळलं. डिसेंबरात गेलिस डंकनची पाळी आली, तेव्हा मरण्यापूर्वी तिने सांगितलं की मॅकॅल्झीन आणि नेपियर यांची नावं तिने खोटी घेतली होती. प्रेत जाळायलाही सामान लागे: ॲबर्डीनच्या १५९७ च्या हिशेबात दोघींसाठी वीस ओझी पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेलं इंधन, डांबराची चार पिंपं, कोळसा, खांब, दोर आणि वाहतूक, सगळ्यांच्या रकमा वेगवेगळ्या लिहिल्या आहेत. कॅसलहिलवर एकूण किती जण मेले याचा ठोक आकडा कुणी सांगितला तर मात्र थांबून विचार करा. संपूर्ण स्कॉटलंडच्या ३,८३७ पैकी जेमतेम तीनशे जणांची शिक्षा कागदावर सापडते. त्यातल्या दोन-तृतीयांशांना देहदंड झाला; त्या प्रमाणावरून देशभरात अडीच हजार हा अंदाज निघतो.

विचेस वेलची पाटी वाचा. एक चेहरा दुष्ट, एक शांत, मधे साप आणि फॉक्सग्लोव्हचं फूल, ज्यातून हृदयाचं औषधही मिळतं आणि विषही. काहींनी आपलं विलक्षण ज्ञान वाईटासाठी वापरलं, काहींबद्दल गैरसमज झाला, असं पाटी म्हणते. म्हणजे काही बायका खरंच चेटूक करत होत्या, असा अर्थ निघतो. फिनीची उधारीची भांडणं पाहून आल्यावर हे पटत नाही, आणि नवं स्मारक हवं ही मागणी म्हणूनच रास्त आहे. तरीही १८९४ सालच्या मानाने ही आठवण ठेवणंच धाडसाचं होतं. शिल्प जॉन डंकन यांचं, ते करवून घेतलं पॅट्रिक गेडिस यांनी. शेजारच्या रॅमसे गार्डनच्या पांढऱ्या-तांबड्या इमारतींमध्ये राहणारे हेच गेडिस पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, आणि १९२४ मध्ये ते विद्यापीठ सोडून गेल्यावर तो विभाग गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आला.

अर्धा दिवस हाताशी असेल तर वेव्हर्ली स्टेशनवरून नॉर्थ बेरिकची गाडी पकडा, साधारण अर्ध्या तासाचा प्रवास. ज्या चर्चमध्ये सैतानाची सभा भरली असं वदवून घेतलं गेलं, त्याची पांढरी देवडी बंदराजवळ उभी आहे. बाकीचं बांधकाम पुढे वादळात समुद्राने नेलं. याच मार्गावर प्रेस्टनपॅन्स लागतं. तिथल्या जहागिरीच्या न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २००४ रोजी ८१ जणांना मरणोत्तर क्षमा दिली. महिन्याभरात अशा न्यायालयांचे जुने अधिकार कायद्याने संपले, त्यामुळे तो त्याच्या अखेरच्या निर्णयांपैकी एक ठरला.